जिवाणी

गावात नळ आला तरी
आई शाळेतल्या आडाचंच पाणी काढायची.
घागरीच्या तोंडावर दुहेरी मांजरपाट,
चाळीस पोरांचं पाणी गाळून झाल्याशिवाय
प्रार्थनेची घंटा नाही.
कापडावर उरायचं ते, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी,
ती पुन्हा आडात सोडायची,
कडीच्या तांब्यानं, पार पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडून.
वरून ओतायचं नाही. "पडून मरतील."
आम्ही वाकून बघायचो कोण मरतंय ते.
आम्हाला आमचीच तोंडं दिसायची.

समडोळीच्या शाळेत ती कुसुमावती मगदूम नव्हती,
नुसती बाई. चौथीपर्यंत माझीही बाईच.
घरी आल्यावर जीभ 'आई'कडे वळायला
संध्याकाळ व्हायची,
आणि संध्याकाळी तिची घाई: सूर्य बुडायच्या आत
दोन भाकऱ्या, आमटी, ताट धुऊन पालथं.
जनगणनेच्या वर्षी मळ्यामळ्यांतून फिरून
दिवेलागणीनंतर पोचायची.
कितीदा तशीच झोपली, घोटभर पाण्याशिवाय.
सकाळी फळ्यावर तारीख,
तेच ताठ अक्षर.

कारखाना सुरू झाला की टोळ्या यायच्या,
फडाच्या कडेला पालं, पालांत पोरं.
शनिवारी ती सायकल ढकलत तिकडे जायची.
चालवता कधी आलीच नाही तिला,
पाट्यांची पिशवी अडकवायला होती ती.
मुकादम म्हणाला, "बाई, महिन्यानं जाणारं पोर हाय,
पटावर घिऊन काय करताय?"
"महिना तर महिना."
हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं नावं:
सखाहरी, जनी, बिजाबाई, आणि एक नुसताच बाळ्या.
टोळी उठून गेल्यावरही आठवडाभर
ती ही नावं पुकारायची.
कुणी हजर म्हणायचं नाही.
ती थांबायची,
हजर म्हणायला लागतो तेवढा वेळ.

भाद्रपदात पर्व संपलं की क्षमेच्या दिवशी
बस्तीतून थेट शाळेत. वर्गापुढे हात जोडून उभी.
"दस्तगीर, तुला पट्टी मारली, चूक तुझी नव्हती.
शेवंता, तुझ्या फाटक्या झग्यावर मी सगळ्यांदेखत बोलले.
क्षमा करा रे."
पोरं खुदखुदायची. दस्तगीर तळहात पुसत म्हणाला,
"जाऊ द्या बाई, लागलंच न्हाई."
मी तिसऱ्या रांगेत. माझं नाव आलं नाही.
गणितात चौतीस दिले होते मला तिनं.
एक वाढवला असता तर काय आड आटला असता?
पुढच्या वर्षीही आलं नाही. त्याच्या पुढच्याही.
आमच्या बैलाचंसुद्धा आलं एकदा.

आता विश्रामबागेत, माझ्या तिसऱ्या मजल्यावर
ती स्टीलच्या नळाला मांजरपाट बांधते.
"अगं, मशीनचं पाणी आहे, काही नसतं त्यात."
"दिसत नाही म्हणतेस, की नसतं म्हणतेस?"
यावर मी काय बोलणार, गणितात नापास झालेली.
कापडावरचं ती लोटीत जमवते, आणि मी
ऑफिसला जाताना आयर्विन पुलाशी स्कूटर लावून
घाट उतरते. "सांगलीचं पाणी कृष्णेचं,
कृष्णेलाच द्यायचं, आणि वाकून द्यायचं."
लोक बघतात. अस्थी वगैरे समजत असावेत.
मी वाकते. पाण्यात मला
हल्ली तिचं तोंड दिसतं.

परवा णमोकार म्हणता म्हणता मध्येच थांबली.
मोतीबिंदूचा डोळा माझ्याकडे, बरा डोळा खिडकीकडे.
"तो एक गुण," म्हणाली,
"देता आला असता. तिसऱ्या गणिताची रीत बरोबर होती तुझी."
चाळीस वर्षं झाली. कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, "जाऊ द्या बाई, लागलंच नाही."

"खोटं," म्हणाली.
मग खिडकीतून ऊन किती उरलंय ते पाहिलं
आणि ताट वाढायला सांगितलं.